मसुद्यातल्या १२१ मर्यादा कुठे गेल्या? केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी एक मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात १२१ प्रतिजैविकांची (अँटिबायोटिक्सची) यादी होती आणि बाहेर सोडलेल्या पाण्यात प्रत्येकाचा अंश जास्तीत जास्त किती चालेल, याचा आकडा नावापुढे दिला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, त्यात बीओडीसारख्या (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) नेहमीच्या मर्यादा राहिल्या आणि तो तक्ता तेवढा गळाला. हे पत्र त्या गळलेल्या तक्त्याबद्दल आहे.

हैदराबादजवळच्या पटनचेरूचे नाव आपल्या कानावर असेलच. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनमधल्या संशोधकांनी तपासले. २००७ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. गोळ्या चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. आणि हे पाणी प्रक्रिया झालेले होते! यात सिप्रोफ्लॉक्सासिनपुरता कोणता नियम मोडला, असे कुणी विचारले असते तर उत्तर देता आले नसते, कारण मर्यादाच नव्हती. २०२१ च्या अधिसूचनेनेही ती घातली नाही.

‘नदीत गेल्यावर सगळे पातळ होते’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. जीवाणूंची वाढ थांबवायला जेवढे औषध लागते, त्याच्या कितीतरी पट कमी मात्रेतही प्रतिकारक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जीवाणू साध्या जीवाणूंवर वरचढ ठरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. शिवाय प्रतिकाराचे जनुक पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या वर्तुळावर बसलेले असते. ते एका जीवाणूतून शेजारच्यात जाते, शेजारचा वेगळ्या जातीचा असला तरी. एकाच प्लाझ्मिडवर तीन-चार औषधांना पुरून उरणारी जनुके असू शकतात. मैलापाण्याच्या टाकीत जीवाणूंची दाटी, भरपूर अन्न आणि औषधांचे अंश एकत्र येतात. या देवाणघेवाणीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पुढे क्लोरीनने जीवाणू मेला, तरी त्याचा डीएनए काही काळ पाण्यात राहू शकतो आणि दुसरा जीवाणू तो उचलू शकतो.

आता एखाद्या एसटीपीचा, म्हणजे मैलापाणी प्रक्रिया केंद्राचा, तपासणी अहवाल समोर घ्या. पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस ही पाण्याची नेहमीची मापे आणि शेवटी फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जीवाणू. शेवटच्या रकान्यात जीवाणू किती हे कळते. ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे नाही. ते पाहणे काही रॉकेट सोडण्यासारखे अवघड नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, विद्यार्थी ही चाचणी पदवीलाच करतात. ताटलीतल्या माध्यमावर जीवाणू पसरायचे, वर औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि ताटली रात्रभर उबेत ठेवायची. औषध लागू पडले तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. नाही पडले तर जीवाणूंचा पांढुरका थर थेट चकतीच्या कडेला येऊन भिडलेला असतो. रुग्णालयांत लघवीच्या नमुन्यांवर हे रोज चालते. नदीच्या नमुन्यावर का चालू नये?

सगळे खापर औषध कारखान्यांवर फोडायचे नाही. रुग्णालये आहेत, कुक्कुटपालन आहे आणि घेतलेल्या औषधाचा मोठा वाटा लघवीतून जसाच्या तसा बाहेर टाकणारे आपण सगळे आहोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच २०२१ च्या अहवालानुसार शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातल्या फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते. औषध-प्रतिकाराच्या एका जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिले म्हणून २०१० मध्ये देशात संताप झाला. नावावरचा राग मी समजू शकते. पण २०११ मध्ये दिल्लीतल्या नमुन्यांचे निकाल आले, त्यात साचलेल्या आणि वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांमध्ये तेच जनुक होते. संतापाची खरी जागा ही होती.

सांडपाण्यातून रोग शोधणे आपल्याला नवे नाही. पोलिओचा विषाणू मुंबईच्या गटारांच्या पाण्यात २००१ पासून शोधला जात होता. त्याच धर्तीवर नद्यांच्या नियमित नमुन्यांत औषध-प्रतिकाराची चाचणी घाला, निदान मोठ्या रुग्णालयांच्या आणि औषध वसाहतींच्या खालच्या अंगाला.

तक्ता परत आणला तर उद्योग खर्चाचे गाऱ्हाणे मांडणार, आणि लहान कारखान्यांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. त्यांना टप्प्याटप्प्याने मुदत द्या, सामाईक केंद्रांच्या सुधारणेला पैसा द्या. पण आकडाच नको, हे मान्य करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लक्ष्य आकड्यांतच मांडले आहे. मर्यादा ठरवायच्या कशा, हे विचारायला आता लांब जावे लागणार नाही.

नवा मसुदा निघाला की सूचना-हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. तेवढे थांबायची माझी तयारी आहे. तोवर हे पत्र पहिली सूचना म्हणून नोंदवून घ्यावे, ही विनंती.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका