लुडेनडॉर्फ १९१८ मध्ये मेला नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांसोबत बघायच्या सिनेमांची यादी आली होती, त्यात २०१७ चा 'वंडर वुमन' होता, त्यावरून हे पत्र लिहितेय. यादीतून तो काढा असं अजिबात म्हणणं नाहीये, उलट मुलींना तर जरूर दाखवावा. पण त्याच्याखाली चार ओळी इतिहासाच्या हव्या होत्या, आणि का हव्या होत्या ते जरा सविस्तर सांगते.

आधी चांगलं ते. ही नायिका कॉमिक्समध्ये आली १९४१ साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पण सिनेमावाल्यांनी तिला पहिल्या महायुद्धात नेलं आणि तो निर्णय मला फार आवडला, कारण त्या युद्धात शूर माणसालासुद्धा खंदकातून डोकं वर काढायची सोय नव्हती. बेल्जियममधला तो सीन आठवा. चिखलाने भरलेला खंदक, एक बाई लेकराला कवटाळून डायनाला, म्हणजे आपल्या नायिकेला, सांगते की पलीकडच्या गावात लोक उपाशी आहेत, आणि सोबतचा अमेरिकन हेर स्टीव्ह समजावतोय की आपण सगळ्यांना वाचवू शकत नाही, आपलं काम वेगळंय. ती अंगावरचा कोट काढते आणि सरळ शिडी चढून वर जाते. आधी एक गोळी मनगटावर अडवते, मग दुसरी, मग ढाल पुढे धरून मशिनगनचा सगळा मारा एकटी अंगावर घेते, आणि गोळीबार तिच्याकडे वळलाय म्हटल्यावर मागचे सैनिक खंदकातून बाहेर पडतात. दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स यांना हा सीन ठेवण्यासाठी आपल्याच टीमला पटवावं लागलं होतं, कारण समोर लढायला कोणी व्हिलन नाही मग ती नक्की करतेय काय असा लोकांचा प्रश्न होता. मला विचाराल तर पूर्ण सिनेमात युद्ध सगळ्यात खरं तिथेच दिसतं.

आता अडचण. सिनेमातला खलनायक जनरल लुडेनडॉर्फ. हा माणूस काल्पनिक नाहीये, एरिक लुडेनडॉर्फ खरोखर होता, सरसेनापती हिंडेनबर्गच्या जोडीने १९१६ पासून जर्मनीचं युद्ध तोच चालवत होता. सिनेमात काय होतं? युद्धबंदीची बोलणी चाललीयेत, जर्मन सेनापती शांततेला तयार झालेत, लुडेनडॉर्फला ते नकोय, म्हणून तो आणि ती विषारी वायू बनवणारी डॉक्टर मारू मिळून त्या सगळ्यांना एका खोलीत कोंडून गॅसने मारतात. त्या खोलीत हिंडेनबर्गसुद्धा आहे, तोही जातो. पुढे हाच युद्धाचा देव एरिस, तो मेला की युद्ध थांबेल, असं समजून डायना लुडेनडॉर्फला तलवारीने ठार करते.

खरं काय झालं ते बघा. २९ सप्टेंबर १९१८ ला स्पा या गावी, म्हणजे बेल्जियममध्येच, जर्मन मुख्यालय तिथे होतं, याच लुडेनडॉर्फने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, जाऊन सांगितलं की ताबडतोब युद्धबंदी मागा, सैन्य आता टिकत नाही. युद्धबंदीची घाई त्यालाच झाली होती. आणि दोनच दिवसांनी आपल्या अधिकाऱ्यांना तो सांगत होता की राजकारण्यांना सरकारात घ्या, आता त्यांनीच हे निस्तरावं. पुढे त्याने पुन्हा पलटी मारली, लढत राहा म्हणायला लागला, तेव्हा २६ ऑक्टोबरला त्याला पदावरून जावं लागलं. ११ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये कोंपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात करारावर सही झाली तेव्हा हा पदावर नव्हताच, आणि त्याच महिन्यात वेषांतर करून तो स्वीडनला निघून गेला.

सही केली कोणी? जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख होता माथियास एर्झबर्गर, साधा मुलकी पुढारी, कुठल्या आघाडीवरचा सेनापती नव्हे. ज्यांनी युद्ध हरलं ते सहीला आलेच नाहीत. मग लुडेनडॉर्फ परत आला, आणि आपलं सैन्य रणांगणात हरलंच नव्हतं, घरातल्यांनी पाठीत खंजीर खुपसला, हे त्याने आणि हिंडेनबर्गने लोकांच्या मनात भरवलं. हिंडेनबर्ग तर नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे हेच बोलला. एर्झबर्गरला १९२१ मध्ये फिरायला गेला असताना गोळ्या घालून मारलं. १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरने सत्ता बळकावायचा प्रयत्न केला तेव्हा मोर्चात त्याच्यासोबत पुढे लुडेनडॉर्फ चालत होता, खटला झाला त्यात हिटलरला शिक्षा झाली आणि हा सुटला. हिंडेनबर्ग राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर त्यानेच नेमलं. सिनेमात १९१८ मध्येच मेलेले हे दोघं. लुडेनडॉर्फ प्रत्यक्षात वारला २० डिसेंबर १९३७ ला, म्हातारा होऊन, आजारपणाने.

कोणी म्हणेल अहो सुपरहिरोचा सिनेमा आहे, त्यात कुठे इतिहास शोधताय. मी शाळेत इतिहास शिकवते. पहिलं महायुद्ध का थांबलं असं वर्गात विचारलं तर एका हुशार मुलाने उत्तर दिलं की लुडेनडॉर्फला मारलं म्हणून, आणि ते त्याने अगदी आत्मविश्वासाने दिलं कारण त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पुस्तकातून ब्रिटिश नाकेबंदी, जर्मनीतली उपासमार, अमेरिकेचं सैन्य, बल्गेरियाची शरणागती हे सगळं सांगते, पण पडद्यावरची तलवार लक्षात राहते. काल्पनिक सेनापती घेतला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं, नाव खरं घेतलंत की जबाबदारी येते.

आणि वाईट याचं वाटतं की सिनेमा खऱ्या उत्तराच्या अगदी दारापर्यंत जातो. लुडेनडॉर्फ मेल्यावर डायना खाली बघते तर मास्क घातलेले सैनिक विमानात गॅस चढवतच आहेत, कोणी थांबलं नाही. तिला कळतच नाही असं का, आणि स्टीव्ह तिला सांगतो की कदाचित दोष कुणा एकाचा नसेल, आपणही त्यात असू. तिथे मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पण मग खरा एरिस दुसराच निघतो, विजा, स्फोट, दहा-पंधरा मिनिटं मारामारी, तो मरतो आणि पहाटे जर्मन पोरं मास्क काढून शत्रूला मिठ्या मारतात, जणू अंगात शिरलेलं भूत उतरलं. जेन्किन्स यांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की मूळ शेवट छोटा होता, स्टुडिओने ऐनवेळी बदलायला लावला. जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर धंदा झाला तेव्हा स्टुडिओला चूक वाटली नसणार, पण मला ती वाटते.

गॅसचंही तसंच आहे. सिनेमा बघून वाटतं एका विकृत बाईने तो काढला. क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या इप्रजवळ झाला, त्यामागे फ्रिट्झ हाबर होता, अमोनिया बनवण्याच्या शोधासाठी ज्याला नोबेल मिळालं तोच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिशांनीही फ्रान्समध्ये लूस इथे गॅस सोडला. इप्रला त्या एप्रिलमध्ये लाहोर डिव्हिजनमधले आपले सैनिकही होते, मास्कशिवाय. सिनेमात भारतीय सैनिक लढताना का दिसत नाहीत अशी तक्रार मात्र करणार नाही, कारण आपलं पायदळ १९१५ च्या अखेरीस तिथून हलवलं होतं, मराठा पलटणी तर मुख्यतः मेसोपोटेमियात लढत होत्या, म्हणजे आजच्या इराकमध्ये, त्यांचा सिनेमा वेगळा होईल.

तर विनंती एवढीच, की खऱ्या युद्धावरचा सिनेमा पुरवणीत सुचवाल तेव्हा सोबत एक चौकट द्या, त्यातली खरी माणसं कोण आणि त्यांचं पुढे काय झालं. पुढच्या ११ नोव्हेंबरला एर्झबर्गरवर कोणाकडून तरी लेख लिहून घ्या, मराठीत त्याच्याबद्दल माझ्या वाचनात काहीच आलेलं नाही. कोणी मिळालं नाही तर मी लिहून देते, मानधन नको.

आपली,
इतिहास शिकवणारी एक वाचक, सांगली