वीस वर्षांची अट आणि चाळीस टक्के कर : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

आपण पुण्याचे आहात, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाचे म्हणणे आपण ऐकून घ्याल या विश्वासाने हे पत्र लिहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या आम्ही तिघांनी, म्हणजे दोन लघुउद्योजक आणि एक निवृत्त प्राध्यापक यांनी, मिळून १९८१ सालचे एक सेसना १५२ विमान परदेशातून विकत घेण्याचे ठरवले होते. आम्हा तिघांकडेही खासगी वैमानिकाचा परवाना आहे. गेल्या आठवड्यात आमच्या अर्जाला एका वाक्याचे उत्तर आले : विमानाचे वय मर्यादेपेक्षा अधिक असल्याने आयातीस संमती देता येत नाही.

विमान आयातीचा नियम आम्ही वाचूनच अर्ज केला होता. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची व्यवस्था नसलेल्या विमानांबाबत, त्या विमानाच्या नोंदी पूर्ण तपासून प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र निर्णय घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. वीस वर्षांहून जुन्या विमानाला साधारणपणे परवानगी मिळणार नाही, हे त्यापुढे येते. आमचे विमान दाबाची व्यवस्था नसलेलेच असल्याने आम्ही पहिल्या भागावर विसंबलो. विक्रेत्याकडून पहिल्या दिवसापासूनची लॉगबुके, म्हणजे उड्डाणांच्या आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या मागवल्या, ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) ते किती तास चालले त्याचा दाखला आणि प्रत्येक सिलिंडरच्या कम्प्रेशनचे आकडे घेतले, आणि पंखांच्या सांध्यांत गंज नाही ना, याची तपासणी स्वखर्चाने एका स्वतंत्र इंजिनिअरकडून करून घेतली. या कागदांचा उत्तरात उल्लेखसुद्धा नाही. त्यांत दोष दाखवून नकार दिला असता, तर मी तो मुकाट्याने मान्य केला असता. पण कागद उघडलेच गेले नाहीत, असे मानण्यास मला भाग पाडले आहे.

महोदय, सेसना १५२ चे उत्पादन १९७७ मध्ये सुरू झाले आणि १९८५ मध्ये थांबले. म्हणजे जगातले सर्वांत तरुण सेसना १५२ आज चाळिशीत आहे, आणि सामान्य माणसाला परवडेल असे हे दोन आसनी विमान आपल्या नियमाने सरसकट हद्दपार केले आहे. नवे सेसना १७२ घ्यायचे तर चार लाख डॉलरहून अधिक मोजावे लागतात. आमचे विमान पंचेचाळीस हजार डॉलरचे, साधारण चाळीस लाख रुपयांचे होते. तिघांत वाटले तर प्रत्येकी तेरा-चौदा लाख, जेवढ्याला आज एक बरी मोटार येते.

वयाची अट सुरक्षिततेसाठी आहे, असे सांगितले जाते. प्रवासी विमानांबाबत ते मला पटते. प्रत्येक उड्डाणात त्यांची केबिन फुगते आणि आकसते, धातू थकतो, आणि त्याचा परिणाम काय होतो हे १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंगचे छप्पर आकाशात उडून गेले तेव्हा जगाने पाहिले. आमच्या विमानात असा दाब नसतोच. त्याचे आरोग्य इंजिनच्या तासांवर, गंजावर आणि नियमित तपासणीवर ठरते. किंबहुना सर्वांत वाईट ते न उडणे : आमच्या विमानातल्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असतो, विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि तिथे गंज धरतो. कमी वयाचे पण पावसात उभे असलेले विमान आणि जुने पण नेमाने उडणारे विमान यांत मी डोळे झाकून दुसरे निवडेन, आणि कोणताही जाणता इंजिनिअर हेच सांगेल. अमेरिकेत चाळीस वर्षांहून जुनी एक इंजिनाची विमाने हजारोंनी उडतात, दर बारा महिन्यांनी कसून तपासली जातात. आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांतही कित्येक मुले अशाच जुन्या विमानांवर शिकून वैमानिक झाली आहेत. आपल्या मुलांना शिकायला जे विमान सुरक्षित आहे, ते आमच्यासाठी धोकादायक कसे?

आणि संमती मिळाली असती तरी पुढे करसंकट होतेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर चाळीस टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी तो उपकरासह एकतीस टक्के होता. त्याच दिवशी मोठ्या एसयूव्ही गाड्यांवरचा एकूण कर पन्नासवरून चाळीस टक्क्यांवर खाली आला. आमचे विमान सातशे सत्तावन्न किलो कमाल वजनाचे, एकशेदहा अश्वशक्तीचे, तासाला बावीस-तेवीस लिटर पेट्रोल जाळणारे; त्याला खासगी जेट, यॉट आणि पिस्तुलांच्या रांगेत बसवले. चाळीस लाखांवर सोळा लाख कर! आधी स्वस्त विमानांना वयाची अट घालून बाहेर ठेवायचे, मग जी महागडी उरतात ती श्रीमंतांची चैन म्हणून त्यांवर कर लावायचा, हा अन्याय आहे. कर अर्थखात्याचा विषय आहे हे मी जाणतो. पण आमची बाजू तिथे मांडण्याची जबाबदारी आपल्या खात्याचीच आहे.

लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेच्या वेळी हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे वचन दिले गेले. तिकीट काढून बसणे एवढीच आमची पायरी आहे का? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते एका इंजिनाच्या पस मॉथ या छोट्या विमानातून. या देशाची नागरी विमानसेवा अशा लहान विमानातून जन्मली. आणि कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना केवळ नोंदणीसाठी २०१७ पर्यंत झगडावे लागले, तीही मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांनी लक्ष घातल्यावर झाली. ज्याच्यासाठी पंतप्रधान शब्द टाकणार नाहीत, त्याने काय करायचे? नागरिकाने काही मागितले की त्यात आधी गैरहेतू शोधायचा आणि सहीची जोखीम टाळण्यासाठी नकार द्यायचा, ही वृत्ती मी कारखान्याच्या वीजजोडणीपासून इथपर्यंत सर्वत्र अनुभवली आहे.

माझे वय आता अठ्ठावन्न आहे. परवाना चालू ठेवण्यासाठी उडत राहावे लागते. त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षण संस्थेत जाऊन भाड्याचे विमान घ्यावे लागते, आणि विद्यार्थ्यांचे तास आधी असल्याने माझी पाळी शेवटी येते, अनेकदा येतच नाही. घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे पत्नीने या विमानासाठी काढून दिले. वैद्यकीय तपासणीत मी आणखी किती वर्षे पात्र ठरेन हे मला माहीत नाही, आणि प्रत्येक गेलेले वर्ष मला कुठलाही आदेश परत देऊ शकणार नाही.

माझी मागणी स्पष्ट आहे. दाबरहित लहान विमानांसाठी वयाची अट काढून त्या जागी इंजिनचे तास, गंजाची तपासणी आणि अखंड नोंदी हे निकष लिहून ठरवावेत. दोन आसनी, एक इंजिनाच्या जुन्या विमानांना चाळीस टक्क्यांच्या टप्प्यातून वगळण्याची शिफारस आपण जीएसटी परिषदेपुढे न्यावी. आणि आमच्या अर्जासोबतची लॉगबुके एखाद्या जाणकार अधिकाऱ्याने वाचून, नेमक्या कोणत्या नोंदीमुळे विमान अपात्र ठरते, ते लेखी कळवावे. विक्रेत्याने या महिनाअखेरपर्यंत ते विमान आमच्यासाठी राखून ठेवले आहे. उत्तर त्याआधी मिळावे.

आपला,
एक खासगी वैमानिक
जि. सांगली