अरबी प्रश्नावलीबद्दल, सुहासला

प्रिय सुहास,

बर्लिनमधल्या सीरियन आणि इराकी मुलांसाठी ‘ब्रीफ कोप’, म्हणजे माणूस ताणाला कसं तोंड देतो ते मोजणारी प्रश्नावली, अरबीत आणायचं म्हणतोस, तर भाषांतरावरच सगळा वेळ घालवू नकोस. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स कार्व्हर यांची 1997ची ही प्रश्नावली मुळात मोठ्यांसाठी: 28 विधानं, 14 उपश्रेण्या (ताणाला तोंड देण्याच्या एकेका पद्धतीसाठी एक), प्रत्येकीत फक्त दोन विधानं, ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय. मुलांना ती लागू पडते का, हाच खरा प्रश्न.

भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घे, एक सीरियन, एक इराकी. दोन्ही मसुदे जुळवले की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट, म्हणजे पुन्हा इंग्रजीत, भाषांतर. मात्र ते मूळ इंग्रजीशी जुळलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. शब्दाला शब्द ठेवून केलेलं अगम्य भाषांतर हमखास जुळतं. भाषा सोपी फुसहा, म्हणजे सगळीकडे चालणारी प्रमाण अरबी, ठेव. दमास्कसच्या बोलीत लिहिलंस तर मोसुलच्या मुलाला ते परकं वाटेल. लहानपणीच जर्मनीत आलेल्या कित्येकांना अरबी बोलता येते, पण वाचता येत नाही. त्यांना विधानं ऐकवायची सोय कर. सीरियातून आलेल्या कुर्द मुलांची मातृभाषाच अरबी नाही, त्यांची नोंद वेगळी ठेव.

मग प्रत्येक गटातल्या सहा-आठ मुलांना एकेकटं बसवून विचार: ‘हे तुझ्या शब्दांत सांग. खूण करताना मनात काय होतं?’ घोळ इथेच कळतात. प्रार्थना किंवा ध्यान करण्याचं विधान घे. रोज पाच वेळा नमाज पढणारा मुलगा ताण असो वा नसो, ‘खूप’वरच खूण करणार. त्यातून त्याची सवय कळते, अडचणीत तो काय करतो ते नाही. म्हणून सुरुवातीलाच त्याला एक ठरावीक अडचण लिहायला लाव आणि सगळी उत्तरं तिच्याबद्दलच माग. दारू आणि अमली पदार्थांच्या दोन विधानांचं उलटं: जवळजवळ सगळे ‘अजिबात नाही’ म्हणतील. उत्तरांत फरकच नसेल तर घटक विश्लेषण (कोणती विधानं एकत्र गट करतात ते शोधणारं गणित) अडतं. खरी उत्तरं यावीत म्हणून निदान आई-वडील आणि शिक्षक खोलीत नसावेत, आणि कागदावर नाव नसावं. हा कागद निर्वासितांच्या कचेरीत जाईल अशी शंका मुलांना असतेच, ती आधी फेड.

अरबी छपाई उजवीकडून डावीकडे, म्हणजे ‘अजिबात नाही’ उजव्या टोकाला. माहिती भरणारा सवयीने डावीकडची चौकट 1 धरतो आणि सगळे गुण उलटे होतात. प्रत्येक चौकटीतच आकडा छाप.

नमुना 400च्या खाली नको. 14 घटक, म्हणजे मूळ 14 उपश्रेण्या, जसेच्या तसे बहुधा टिकणार नाहीत; अर्ध्या मुलांवर नवा आराखडा शोध, उरलेल्या अर्ध्यांवर पडताळ. चार पर्यायांची उत्तरं क्रमवाचक असतात, तेव्हा अशा उत्तरांसाठीच असलेला पॉलिकोरिक सहसंबंध वापर. विधानं एकमेकांशी किती जुळतात ते मोजायला, दोन विधानांच्या उपश्रेणीला क्रोनबाख अल्फापेक्षा स्पिअरमन-ब्राउन बरा. आणि 28 विधानांची बेरीज करून एकच आकडा छापण्याचा मोह टाळ. या प्रश्नावलीला एकूण गुण नाहीत असं कार्व्हर यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, तरी लोक छापतात! मुलगे-मुलींच्या सरासरीची तुलना करण्याआधी दोन्ही गटांत मापन सारखं चालतं का, म्हणजे तीच विधानं दोघांकडे तीच गोष्ट मोजतात का, ते बघ.

उत्तरं स्थिर आहेत का हे बघायला दोन आठवड्यांनी त्याच मुलांची फेरचाचणी घेशील तेव्हा मधल्या काळात आश्रय-अर्जाचा निकाल आला का, घर बदललं का, हेही विचार. ज्याचं आयुष्यच हललं त्याची उत्तरं बदलणारच. दोष प्रश्नावलीच्या माथी मारू नकोस, त्या मुलांचं गणित वेगळं कर.

अरबी बोलणारा समुपदेशक पहिल्या दिवसापासून शाळेत हवा. त्याची सोय होईपर्यंत तारखा ठरवू नकोस.

तुझा,
अविनाश