बाबांच्या कॅप्सूलबद्दल

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शेजारच्या काकांनी दिलेल्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलच्या डबीचा फोटो आईने पाठवला. बीटा-कॅरोटिन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम, सगळंच भरपूर. सोमवारपासून तुमचं कॅन्सरचं रेडिएशन सुरू होतंय. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यातली एकही घेऊ नका. अँटिऑक्सिडंटने कॅन्सर दूर राहतो असं म्हणत काकांनी मायेनेच दिलीय, त्यांना दुखवू नका. फोनवर हे धड सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

लहानपणी माझा गुडघा फुटला की तुम्ही त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचात आणि पांढरा फेस यायचा, आठवतं? तो फेस म्हणजे ऑक्सिजन. रक्तातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइडचं क्षणात पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. हेच काम शरीरात आतही अखंड चालू असतं. श्वासातल्या ऑक्सिजनवर ऊर्जा तयार करताना पेशीत थोडे फ्री रॅडिकल, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर कण, सुटतातच. त्यांना विझवतात ते अँटिऑक्सिडंट. या फ्री रॅडिकलपैकी सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करणारं एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलं. पुढे त्या पेरॉक्साइडचा निकाल कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज लावतात.

ही एन्झाइम्स कमी पडली तर डीएनएला इजा होते आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीत ऊर्जा बनते त्या भागातलं, डिसम्युटेज निम्म्यावर आणलेल्या उंदरांना उतारवयात जास्त कॅन्सर झाले. म्हणजे काका म्हणतात ते निराधार नाही. फक्त ते कॅन्सर होण्याआधीचं आहे.

गाठ झाल्यावर गणित फिरतं. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, तिच्यात फ्री रॅडिकलही जास्त होतात, आणि जगायला तिलाही हीच एन्झाइम्स लागतात. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये केईएपी१ (KEAP1) नावाचं जनुक बिघडतं. त्याचं काम एनआरएफ२ या प्रथिनाला आवरायचं. ते सुटलं की पेशी अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स सतत बनवत राहते, आणि अशी गाठ केमोला, रेडिएशनला सहजी दाद देत नाही. कारण रेडिएशनचा बराचसा मारा फ्री रॅडिकलमधूनच होतो: किरणांनी पेशीतलं पाणी फुटतं आणि त्यातून निघालेले कण डीएनए तोडतात. सोमवारपासून आपल्याला तेच तर हवंय! अशा वेळी ते कण विझवणारी गोळी वरून कशाला घ्यायची? म्हणूनच बरेच कॅन्सरतज्ज्ञ उपचार चालू असताना मोठ्या मात्रेतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या टाळायला सांगतात.

तुम्ही इतकी वर्षं सिगारेट ओढलीत, म्हणून आणखी एक सांगते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कॅन्सर टळावा म्हणून काहींना बीटा-कॅरोटिन दिलं, काहींना व्हिटॅमिन ई. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही हेच दिसत होतं. पुढे २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई दिलं, तर गाठी जास्त वेगाने वाढल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण फिनलंडमधली माणसंच होती.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. भाज्या, फळं, आवळा, रोजच्या जेवणात असतात तेवढे चालू दे. माझा आक्षेप डबीतल्या मात्रेला आहे. बाबांना गिळायला त्रास व्हायला लागला तर मऊ भात, वरण, ताक दे आणि वजन लिहून ठेव, डॉक्टर विचारतील.

सोमवारी फाइलसोबत ती डबी पिशवीत टाक. बाबा घेतात ती ताकदीची गोळी आणि काढ्याची बाटलीही घे. मी रविवारी रात्री पोचते. डॉक्टरांशी मी बोलेन, पण बाबा, प्रश्न तुम्हीच विचारा. तुमचं तुम्ही विचारलेलं बरं.

तुमची,
सोनू