वंशावळीत न सापडणारा पूर्वज

संपादक महोदय,

वंशावळ जुळवताना एखादा पूर्वज कागदोपत्री सापडला नाही, की त्याची नोंदच झाली नसावी असे आपण धरून चालतो. ते दर वेळी खरे नसते. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांचा माणूस तेथे पस्तिशीचा दिसतो आणि केवळ जन्मसालावर विसंबणारा शोधक त्याच्या नोंदीवरून नजर फिरवूनही पुढे निघून जातो. नावांचे तर विचारूच नये: लेखनिक कानावर पडेल तसे लिहीत. सारख्या उच्चाराची आडनावे एकत्र आणणाऱ्या साउंडेक्स पद्धतीला अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळाले, ते याच अडचणीपोटी. डब्लिनच्या अभिलेखागारात १९२२ मध्ये झाले तसे कागद जळून गेले असतील, तर मात्र आडवाटेनेच जावे लागते. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जांना विवाहाचे पुरावे आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडलेले असतात. माझ्या मते, हरवलेल्या माणसाचा माग काढताना आधी अशा शेजाऱ्यांची आणि साक्षीदारांची नावे टिपून घ्यावीत.

आपला,
एक वाचक