अप्पांचा तंबोरा परत मिळवून देणाऱ्या काकांना

सोलापूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमच्या दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

अप्पांनी गिरणीच्या पगारातून एकेक करून जमवलेल्या रेकॉर्डी मी कॉम्प्युटरवर घ्यायला काढल्या, तेव्हा सगळी मदार सॉफ्टवेअरवर होती. घूं येतेय? काढून टाकू. खरखर? तीही काढू. ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर कमी करणारं नॉइज रिडक्शन चांगलं 24 डेसिबलवर ठेवलं आणि मोठ्या उत्साहानं अप्पांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाणं आहे गं, पण तंबोरा कुठं गेला?"

तो मीच घालवला होता. सुरुवातीची शांत वाटणारी चार सेकंदं मी खरखरीचा नमुना म्हणून निवडली होती आणि त्यातच तंबोरा हलकेच सुरू झालेला होता. सॉफ्टवेअरनं त्यालाच कचरा समजून पूर्ण बाजूभर पुसून काढलं. हे तुम्ही एकदा ऐकून ओळखलंत.

घरी आलात तेव्हा कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाहीत. प्लेअरच्या मागं हात घातलात आणि एक बारीक काळी वायर बाहेर ओढलीत, नुसतीच लोंबकळत होती. ती प्रीअॅम्पच्या, म्हणजे प्लेअरचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डबीच्या, स्क्रूला आवळली आणि निम्मी घूं तिथंच थांबली. उरलेली लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर बरीच उतरली. तरी तुमचं समाधान नव्हतं. होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थिंगमध्ये धरलात, तो नुसता मिणमिणला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडलेला. मीठ-कोळसा भरून पाणी सोडायला लावलंत आणि चार दिवसांनी पुन्हा येऊन तोच बल्ब लख्ख लागलेला दाखवलात. 50 हर्ट्झची ती घूं आमच्या विजेच्या जोडणीतली होती, रेकॉर्डींचा त्यात काही दोष नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

शेजारच्या यंत्रमागाचं तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कानाला तो सवयीचा, पण त्याचा हादरा जमिनीतून कपाटात आणि कपाटातून सुईत जात होता. प्लेअर लोखंडी कपाटावरून उतरवून शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवलात, खाली सायकलच्या ट्यूबच्या घड्या. आता मी रेकॉर्डिंग माग बंद असतात त्या दिवशीच करते.

आणि तो स्पिरिटचा बोळा! मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीवर मी तो टेकवणार इतक्यात तुम्ही माझा हात धरलात. ती लाखेची असते, स्पिरिटनं लाख विरघळते, एका पुसण्यात आवाज कायमचा गेला असता. त्या क्षणाबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. आपलं नळाचं पाणी वाळलं की पांढरे डाग ठेवतं, म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, मधलं लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच पुसून घ्यायचं. रेकॉर्डी आता ताटांच्या स्टँडवर उभ्या वाळतात. 78साठी वेगळी जाड सुईही तुम्हीच शोधून दिलीत. एलपीची, म्हणजे नंतरच्या सावकाश फिरणाऱ्या रेकॉर्डींची, बारीक सुई 78च्या रुंद खाचेच्या तळाशी बसते आणि तिथली घाण वाचत जाते, असं म्हणाला होतात. सुई बदलल्यावर फरक इतका होता की मी तीच बाजू तीनदा लावली.

सॉफ्टवेअर मी अजून वापरते, पण सगळ्यात शेवटी. सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंतची रिकामी खाच, तेवढाच नमुना, आणि फक्त 6 डेसिबल. थोडी खरखर राहते. राहू दे. मूळ रेकॉर्डिंग मात्र हात न लावता वेगळं जपून ठेवते.

परवा तीच एलपी पुन्हा घेतली. गाणं सुरू व्हायच्या आधी अप्पांनी बोट वर केलं. "आला," म्हणाले.

त्या बाजूचा पेनड्राइव्ह तयार आहे. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, निदान हा तरी घ्या. रविवारी दुपारी दुकानात येते. अप्पाही येतो म्हणतायत.

तुमची,
अप्पांची थोरली