‘अधिक उपचारासाठी’ म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सिंधुदुर्गात महामार्गावर अपघात झाला की आपल्या दैनिकातल्या बातमीचं शेवटचं वाक्य मला न वाचताच ठाऊक असतं. ‘गंभीर जखमीस अधिक उपचारासाठी गोवा-बांबोळी येथे हलविण्यात आले.’ (म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात.) मग दोन-तीन दिवसांनी आतल्या पानावर चार ओळी, ‘उपचारादरम्यान मृत्यू’. तीस वर्षं याच रस्त्यावर एस.टी. चालवली आहे, त्यामुळे अपघात मला नवे नाहीत. माझं भांडण त्या ‘अधिक’ या शब्दाशी आहे. इथे थोडेफार उपचार झाले असतील, तर पुढचे ते अधिक. काहीच झालं नसेल तर?

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा दुचाकीवरून पडला. साडेसातची वेळ, पाऊस, समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर. १०८ची गाडी अर्ध्या तासात आली, त्याबद्दल तक्रार नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टर एकच, पंचविशीतला पोरगा. त्याच्यासमोर एक सर्पदंशाचा रुग्ण आणि एक अडलेली बाळंतीण. त्याने सलाईन लावलं, सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून भाच्याच्या मांडीला दोन्ही बाजूंनी लावला आणि वरून बँडेज गुंडाळलं. हाडांचे डॉक्टर नाहीत, भूलतज्ज्ञ नाहीत, रक्त नाही. वॉर्डबॉय मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, हंय काय होवचा नाय, बांबोळीक व्हरा.” पहिली गाडी तोवर दुसऱ्या कॉलवर गेलेली. दुसरी मिळेपर्यंत सव्वानऊ वाजले. साडेअकराला आम्ही बांबोळीला पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पोराला वाचवलं. पाय मात्र थोडा आखूड राहिला.

माझी सून परिचारिका आहे. तिने नंतर समजावलं की मांडीचं हाड मोडलं तर वरून फारसं दिसत नाही, पण आतल्या आत लिटरभर रक्त सहज जातं. पाय ताणून धरणारी लोखंडी थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धापासून वापरात आहे, आणि आमच्या नशिबी पुठ्ठा! रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचं एक स्वस्त इंजेक्शनही असतं. बाळंतपणात रक्त थांबेना झालं की देतात तेच. ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवर त्याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. आपल्या देशातले जखमीही त्या अभ्यासात होते. पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. उशीर झाला तर उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. साडेसातला पडलेला पोरगा साडेअकराला जिथे औषधं आहेत तिथे पोचतो, म्हणजे ते तीन तास आमच्याकडे रस्त्यातच संपतात.

कायद्यांची वाण नाही. जखमीवर आधी उपचार, पोलीस आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं. जखमीला उचलणाऱ्याला त्रास देऊ नये, हे २०१६ साली सांगितलं आणि २०१९च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. (आमच्या वेळी जखमीला बसमध्ये घेतलं की प्रवासीच म्हणायचे, “ड्रायव्हर, कशाला लफडं!”) मे २०२५पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही लागू झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण खिशातले पैसे वाचले तरी मांडीला रॉड घालणारा माणूस जवळपास हवा ना? तो जिथे आहे त्या बांबोळीतही जानेवारी २०१८पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. गोव्याला तरी दोष कसा द्यायचा? आपल्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्याने रोज जेवू घालावं, असं थोडंच आहे?

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी ९२ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, जिथे जगातली साधारण ६० टक्केच वाहनं आहेत. आपण म्हणतो, लोक वेडीवाकडी चालवतात. चालवतात, मी रोज पाहिलंय. पण तेवढ्यावर भागत नाही. पडल्यानंतर कोण किती वेळात काय करतं, हाही हिशेब त्यात आहे, आणि तो कोणी मागत नाही.

तो आपण मागावा, एवढीच विनंती. आपले वार्ताहर अपघातस्थळी पोलिसांच्या आधी पोचतात. गाडीचा नंबर, चालकाचं गाव, खांब डावीकडे होता की उजवीकडे, सगळं छापून येतं. त्यात आणखी चार वेळांची नोंद छापा. अपघात किती वाजता झाला, रुग्णवाहिका किती वाजता आली, डॉक्टरांनी किती वाजता पाहिलं, जखमी बांबोळीला किती वाजता पोचला. आणि ‘अधिक उपचारासाठी’ लिहिण्याऐवजी ‘अस्थिरोगतज्ज्ञ नसल्याने’ किंवा ‘रक्त उपलब्ध नसल्याने’, जे खरं असेल ते लिहा. रुग्णालयाची इमारत, ट्रॉमा केअरचा फलक आणि उद्घाटनाची कोनशिला यांचे फोटो आपण छापलेलेच आहेत. पदं किती मंजूर आणि माणसं किती हजर, हे माहिती अधिकारात विचारलं तरी कळेल.

भाच्याची ती रेफरची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर ‘रुग्ण आल्याची वेळ’ आणि ‘पाठवल्याची वेळ’ असे दोन रकाने छापलेले आहेत. दोन्ही कोरे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक,
जि. सिंधुदुर्ग